कागदी विमानाची कुळकथा

वहीचे मधले पान हलकेच सोडवून घ्यावयाचे, बाकाखाली धरून त्याला चार घड्या घालावयाच्या आणि गुरुजी फळ्याकडे वळले की ते वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडावयाचे, ही विद्या कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमात नाही. तरीसुद्धा गावोगावच्या शाळांतून ती अखंड चालू असते आणि तिचे आचार्य बहुधा दहा-बारा वर्षांचे असतात. वडीलधाऱ्यांनी या विद्येची दखल घेतली ती मुख्यतः छडीच्या रूपाने. उड्डाणाच्या इतिहासग्रंथांतही कागदी विमानाला जागा मिळालीच, तर ती एखाद्या तळटीपेत. हा न्याय बरोबर नव्हे. मनुष्य आकाशात कसा गेला ही कथा जरा बारकाईने पाहिली, तर वळणावळणावर कागद आडवा येतो. एवढेच नव्हे, तर कागदाच्या कपट्याने फुकट शिकविला असता असा धडा काही थोर पुरुषांनी हाडे मोडून घेतला आणि काहींनी त्यासाठी प्राण दिले, असेही दिसून येते. म्हणून या खेळण्याची कुळकथा एकदा नीट सांगितली पाहिजे.

कुळकथेचा आरंभ अर्थातच चीन देशात होतो. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडांच्या साली, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून कागद तयार करण्याची कृती बादशहाला सादर केली, असे परंपरा सांगते. बांबूच्या कामट्यांवर रेशीम ताणून पतंग करण्याची कला त्याच देशातील. रेशमाच्या जागी कागद आला तेव्हा आकाशातील हे वैभव श्रीमंतांच्या वाड्यातून गल्लीत उतरले. पुढे कागदाची विद्या मध्य आशियातून अरबांकडे आणि कालांतराने हिंदुस्थानात आली. महाराष्ट्रात दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरास हातकागदाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालले. दगडाने घोटून गुळगुळीत केलेल्या अशा कागदावर बोरूने लिहिलेले पेशवे दप्तराचे हजारो रुमाल पुण्यास आजही जपून ठेवलेले आहेत.

परंतु असा कागद मुलांच्या हाती खेळावयास मिळणे शक्य नव्हते. तो महाग होता, जाड होता आणि जपून वापरावयाचा होता. संक्रांतीच्या पतंगापुरता पातळ कागद मिळे. हिशेबाचा बंद मात्र फाडून कोणी उडवीत नसे. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९९ मध्ये कागदाच्या यंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला. तेव्हा कोठे सर्वत्र सारख्या जाडीचा, घडी धरणारा आणि फाडला तरी फारसे न बिघडणारा कागद शाळकरी मुलाच्या वहीत आला. कागदी विमानाचा मूळ कर्ता कोण याचा शोध लागलेला नाही. पण ते स्वस्त कागदाचे अपत्य आहे एवढे म्हणावयास हरकत नाही. इंग्लंडात या खेळण्याला आजही ‘पेपर डार्ट’ म्हणजे कागदी बाण म्हणतात. या नावात विमानाचा मागमूसही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कागदाला घडी घालून आकार देण्याची कला जपानात फार पूर्वीच पूर्णत्वास पोहोचली होती. एका कागदातून अनेक जोडलेले क्रौंच पक्षी कसे करावेत हे दाखविणारे पुस्तक तेथे १७९७ मध्येच छापले गेले. युरोपात ही कला शिक्षणात आणली ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने. आपल्या बालोद्यानात त्याने मुलांच्या हाती घडी घालण्यासाठी चौकोनी कागद दिले. आणि या परंपरेचा एक सुरेख धागा मद्रासला येऊन मिळाला. तेथील टी. सुंदरराव या सरकारी सेवेतील गृहस्थांनी बालोद्यानातील कागदी चौकोन पाहून भूमितीचा विचार केला आणि १८९३ मध्ये केवळ घड्यांच्या साहाय्याने भूमिती शिकविणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. फेलिक्स क्लाईन या विख्यात जर्मन गणितज्ञाने आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये शिकागोस त्याची नवी आवृत्ती निघाली. कचेरीचे काम सांभाळून एका हिंदी माणसाने कागदाच्या घडीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, ही गोष्ट आपल्याकडे आणखी माहीत असावयास हवी होती.

आता घडीकडून उड्डाणाकडे वळू. मनुष्याला प्रथम आकाशात नेले ते कागदाच्या व्यापाऱ्यांनीच. फ्रान्समधील आनोने गावच्या माँगोल्फिए घराण्याचा कागदाचा कारखाना होता. जोसेफ आणि एत्येन या दोघा भावांनी ४ जून १७८३ रोजी गावच्या चौकात गरम हवेचा एक प्रचंड फुगा सोडला. त्याचे कापड आतून कागदाने मढविलेले होते. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे पॅरिसवरून त्यांच्याच फुग्यातून तरंगत गेले. मनुष्य उडाला खरा. पण तो धुरासारखा उडाला, पक्ष्यासारखा नव्हे. वारा नेईल तिकडे जावयाचे, एवढेच त्याच्या हाती होते.

पक्ष्याचे रहस्य उलगडण्याचा मान यॉर्कशायरमधील जमीनदार सर जॉर्ज केली यांच्याकडे जातो. तोपर्यंत उड्डाणाची स्वप्ने पाहणारा जो तो पंख फडफडविण्याच्या मागे लागलेला असे. केलींनी प्रश्नाचे दोन भाग केले. हवेत तोलून धरणारे बल वेगळे आणि पुढे ढकलणारे बल वेगळे, हा तो भेद होय. १७९९ मध्ये त्यांनी चांदीच्या एका लहानशा तबकडीच्या एका बाजूस ही बले रेखाटली आणि दुसऱ्या बाजूस स्थिर पंखांचे यंत्र कोरले. पुढे १८०४ मध्ये त्यांनी जे पहिले लहान ग्लायडर केले, त्याचा पंख म्हणजे काठीवर किंचित तिरपा बसविलेला साधा कागदी पतंग होता. मागे फुलीच्या आकाराचे, हलविता येणारे शेपूट होते आणि पुढे एक वजन होते. ते वजन मागेपुढे सरकवून गुरुत्वमध्य हवा तेथे आणता येई. टेकडीवरून सोडले की हे यंत्र शांतपणे तरंगत उतारावरून खाली जाई. मांजा तोडलेला पतंग भरकटतो. केलींचा पतंग भरकटला नाही, कारण त्याला शेपूट होते आणि नाकाशी वजन होते. आधुनिक विमानाचा सांगाडा त्या टेकडीवर प्रथम दिसला. १८०९ आणि १८१० साली त्यांनी आपले सिद्धान्त निबंधरूपाने प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये त्यांच्या मोठ्या ग्लायडरातून एक मनुष्य ब्रॉम्प्टनची दरी ओलांडून गेला तेव्हा केली ऐंशीच्या घरात होते. तो प्रवासी त्यांचा गाडीवान होता असे सांगतात.

केलींच्या विचारांचा खरा वारस फ्रान्समध्ये निपजला. आल्फोन्स पेनो याला कंबरेच्या सांध्याच्या विकारामुळे आरमारात जाता आले नाही. त्याने आपली बुद्धी उड्डाणास वाहिली. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याने पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक इवलेसे विमान सोडले. ते सुमारे ११ सेकंदांत ४० मीटरांच्या आसपास गेले, आणि कोणी न सावरता सरळ गेले, हे विशेष. पेनोने शेपटाचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसविला होता. नाक वर गेले तर शेपूट ते खाली आणी आणि खाली गेले तर वर उचली. बाहेरच्या कोणाच्या मदतीवाचून आपला तोल आपणच सांभाळणारे हे पहिले उड्डाणयंत्र म्हणावे लागेल. परंतु मोठे विमान बांधण्यास त्याला पैसा मिळाला नाही. निराश होऊन १८८० मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

पेनोचा धडा जगाने तेव्हा मनावर घेतला असता तर बरे झाले असते. जर्मनीत ओटो लिलिएंथाल याने १८९१ पासून पाच वर्षांत स्वतःच्या अंगाला पंख बांधून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. त्याच्या धैर्याला तोड नव्हती. पण तोल सांभाळण्याचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे लोंबकळते शरीर इकडून तिकडे झोकणे, हा होता. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या ग्लायडरचे नाक एकाएकी वर उचलले गेले, पंखांची पकड सुटली आणि तो सुमारे पंधरा मीटरांवरून खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा अंत झाला. त्याचा इंग्रज अनुयायी पर्सी पिल्चर १८९९ मध्ये अशाच उड्डाणात मृत्यू पावला. नाक वर गेले की वेग मरतो, वेग मेला की आधार सुटतो. ही गोष्ट कागदी विमान उडविणाऱ्या मुलाच्या रोज डोळ्यांसमोर घडते. त्याचे विमान पडते, तो उचलतो आणि पुन्हा सोडतो. लिलिएंथालला ती सवलत नव्हती.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे दोन भाऊ या प्रश्नाकडे वळत होते, आणि त्यांनाही कागदानेच वेड लावले होते. १८७८ मध्ये बिशप मिल्टन राईट यांनी प्रवासाहून परतताना आपल्या धाकट्या मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे केलेले, रबराच्या पिळाने छताकडे झेपावणारे ते भिंगरीचे यंत्र पेनोच्याच कल्पनेतून निघाले होते. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा व ऑर्व्हिल ७ वर्षांचा होता. खेळणे मोडल्यावर त्यांनी तसेच दुसरे केले, मग मोठे केले. आणि मोठे केलेले यंत्र उडत नाही हे पाहून ते चकित झाले. आकार दुप्पट केला की शक्ती आठपट लागते, हा त्यामागचा हिशेब त्यांना पुढे मोठेपणी उमगला.

लिलिएंथालच्या मृत्यूची वार्ता वाचून त्यांचे जुने कुतूहल पुन्हा जागे झाले. तोल कसा सांभाळावा, हाच त्यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता. १८९९ च्या जुलै महिन्यात विल्बर आपल्या सायकलच्या दुकानात सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात घेऊन चाळा करीत होता. बोलता बोलता त्याने खोक्याची दोन टोके परस्परविरुद्ध दिशांना पिळली आणि एकदम थांबला. खोक्याच्या वरच्या व खालच्या बाजू पंखांसारख्या पिळल्या गेल्या होत्या. तरी खोका मोडला नव्हता. एका बाजूचा पंख अधिक उचलावयाचा व दुसऱ्या बाजूचा कमी, म्हणजे कललेले विमान सावरता येईल, ही युक्ती त्याला त्या पुठ्ठ्यात सापडली. त्याने ती आधी एका पतंगावर पडताळून पाहिली. पुढे १९०१ मध्ये वातनलिकेत दोनशेच्या आसपास लहान पंखांच्या चाचण्या झाल्या, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळच्या वाळूवर पहिले उड्डाण १२ सेकंद व १२० फूट झाले. त्यानंतर आठ वर्षेही लोटली नव्हती, तोच १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून नैनीला हजारो पत्रांची थैली विमानाने पोहोचविली. ज्या कागदाने विमानाला शिकविले, त्यालाच आता विमान पाठीवर घेऊन चालले होते.

आता मुलाच्या हातातील त्या घड्यांचा अर्थ पाहू. नेहमीच्या वापरातील ८० ग्रॅम वजनाचा ए-४ कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. त्याचे वजन बरोबर ५ ग्रॅम भरते. प्रथम कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडावयाचा, म्हणजे विमानाचा कणा होतो. मग पुढचे दोन्ही कान मधल्या रेषेवर आणावयाचे आणि तसेच पुन्हा एकदा. या घड्यांनी दोन कामे साधतात. पंख मागे निमुळते होत जातात. आणि कागदाचे थर नाकाकडे साठून गुरुत्वमध्य पुढे सरकतो. केलींनी सरकत्या वजनाने जे साधले, ते मूल घडीने साधते. पंख दुमडताना ते अगदी आडवे न ठेवता बाहेरच्या बाजूस किंचित उचललेले ठेवले, तर विमान एका कुशीवर कलताच पुन्हा सरळ होऊ पाहते. आणि पंखाची मागची कड नखाने किंचित वर वळविली, तर पेनोच्या शेपटाचे काम ती करते. सारखे नाक खाली घालणारे विमान सरळ तरंगू लागते. कड अधिक वळविली की विमान लाटेसारखे वरखाली होते. विमानाच्या या लाटेसारख्या गतीला इंग्रज शास्त्रज्ञ लँचेस्टर याने १९०८ मध्ये ‘फ्यूगॉइड’ हे भारदस्त नाव दिले. मुले तिला गटांगळी म्हणतात.

सोडण्याचीही एक रीत आहे. जोर लावून फेकलेले विमान बहुधा फसते, कारण वेग अधिक झाला की ते नाक उचलते, वर जाऊन थांबते आणि कोसळते. क्षितिजाच्या किंचित खाली रोख धरून, त्याला जेवढा वेग पेलतो तेवढाच देऊन, हलकेच ढकलावे. हा वेग प्रत्येक घडीचा निराळा असतो आणि तो हातालाच कळतो.

विसाव्या शतकात या खेळण्याला कधी युद्धाने तर कधी विनोदाने प्रतिष्ठा दिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत धातू, रबर व हलके लाकूड दुर्मीळ झाले, तेव्हा मुलांसाठी कागदाची विमाने निघाली. ‘जॅक आर्मस्ट्राँग’ या मुलांच्या नभोवाणी-मालिकेच्या द्वारे १९४४ मध्ये अशा छापील विमानांची जाहिरात झाली. लढाऊ विमानांच्या त्या प्रतिकृतींच्या नाकात वजनासाठी एक पेनी खोवावयाची असे. नभोवाणीवरून ऐकावयाचे आणि अंगणात उडवावयाचे, असा तो योग होता.

पुढे १९६६ च्या अखेरीस ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने आंतरराष्ट्रीय कागदी विमान-स्पर्धा जाहीर केली. ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानांचे आराखडे तेव्हा गाजत होते, आणि त्यांचे त्रिकोणी पंख पाहून अनेकांना शाळेतल्या बाणाची आठवण होत होती. थट्टेने सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी २८ देशांतून बारा हजारांच्या आसपास विमाने आली आणि १९६७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे अंतिम फेरी झाली. पारितोषिकाला लिओनार्दोचे नाव होते. विजेत्यांत फ्रेडरिक हूव्हन हे अभियंते होते. त्यांचे बालपण राईट बंधूंच्या डेटन गावी गेले होते आणि प्रत्यक्ष ऑर्व्हिल राईट यांचा सहवास त्यांना लाभला होता. परंपरा अशी हातातून हातात येते.

त्यानंतर या क्षेत्रात विक्रमांचे युग सुरू झाले. अमेरिकेचे अभियंते केन ब्लॅकबर्न यांनी १९९८ मध्ये आपले विमान बंदिस्त क्रीडागारात २७.६ सेकंद तरंगत ठेवले. जपानचे ताकुओ तोदा यांनी २०१० मध्ये २९.२ सेकंदांपर्यंत मजल मारली. अंतराच्या विक्रमात जॉन कॉलिन्स यांनी घडविलेले आणि जो अयूब यांनी फेकलेले विमान २०१२ मध्ये ६९.१४ मीटर गेले, तर २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतील तरुण अभियंत्यांच्या विमानाने ८८.३१८ मीटरांचा पल्ला गाठला. राईट बंधूंचे पहिले उड्डाण १२० फुटांचे, म्हणजे ३६.६ मीटरांचे होते, हे येथे सहज आठवते. २००८ मध्ये टोकियो विद्यापीठात तर खास प्रक्रिया केलेल्या कागदाचे लहान विमान ध्वनीच्या सातपट वेगाच्या झोतात दहा सेकंद धरले. ते जळाले नाही.

असे असूनही या खेळण्याचे शास्त्र पूर्ण उलगडले होते असे नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी सपाट पत्र्याला व कागदाला पुढच्या बाजूस निरनिराळ्या ठिकाणी वजन लावून ते तरंगवून पाहिले. वजन मधोमध असेल तर कागद फडफडत, गिरक्या घेत पडतो. फार पुढे असेल तर नाकावर कोसळतो. या दोहोंच्या मधल्या एका ठरावीक जागी ते आणले की तो संथपणे तरंगत जातो. याचे कारण त्यांना असे आढळले की, सपाट पंखावर हवेच्या दाबाचा मध्य पंखाच्या कोनाप्रमाणे मागेपुढे सरकतो आणि नाक वर उचलले गेल्यास ते आपोआप खाली आणतो. खऱ्या विमानाच्या फुगीर पंखाला हा गुण उपजत नाही. त्याला शेपटाची मदत घ्यावी लागते. म्हणजे जे यंत्र आपण विमानाची नक्कल समजत होतो, ते आपल्यापुरत्या स्वतंत्र नियमाने उडत होते.

शाळेच्या व्हरांड्यात मूल आज कागदाचे विमान सोडते तेव्हा यांपैकी एकही नाव त्याला ठाऊक नसते. विमान चार हात जाते आणि नाकावर आपटते. मूल ते उचलते, डोळ्यांसमोर धरून निरखते, मागची कड नखाने जराशी वळविते आणि पुन्हा सोडते. यॉर्कशायरच्या टेकडीवर वजन बोटभर मागे सरकवून ऐश्वर्यसंपन्न सर जॉर्ज केली हेच करीत होते. त्या वेळी गुरुजींची पाठ वळलेली असली तर बरे. नसली तर छडी उगारण्यापूर्वी त्यांनी विमान कोठवर जाते एवढे पाहून घ्यावे.